पहिल्या मासळीची हळद

जाळ्यात जड काहीतरी फडफडलं, तेव्हा आबांचा स्वतःच्या हातांवर विश्वास बसेना. अकरा वर्षांत या नदीत एकही मासा घावला नव्हता.

“पोरी, तुझ्या पायगुणानं मासळी परत आली बघ!”

पर्यावरण सल्लागार कंपनीत प्रणोतीचा तो पहिलाच दिवस होता आणि पहिलंच काम आपल्या गावच्या नदीतले मासे मोजायचं. लेकीच्या कौतुकापायी आबांनी विकायला काढलेली होडी पुन्हा पाण्यात घातली होती. त्यांच्या घरात पहिली मासळी मारत नसत. होडीच्या पूजेची, तेलात कालवलेली हळद त्यांनी त्या मासळीच्या कपाळाला लावली.

“जा बाई, लेकुरवाळी हो,” म्हणत त्यांनी मासळी पाण्यात सोडली आणि डोळे पुसले. “आता होडी इकायची न्हाई.”

प्रणोतीच्या हातातल्या यंत्रावर अक्षरं उमटली: मासा क्रमांक ४१, बॅटरी अठरा टक्के.

नदी जिवंत आहे असं लोकांना वाटावं म्हणून हे बॅटरीवर चालणारे मासे कंपनीनेच सोडले होते. त्याबद्दल कुठे बोलणार नाही, असं तिने सकाळीच लिहून दिलं होतं.

संध्याकाळी बंधाऱ्याजवळच्या खोलीत ती एकेक मासा पुसून चार्जिंगला लावत होती. एक्केचाळिसाव्याच्या कपाळावरची हळद काही केल्या निघेना. शेवटी तिने ती नखाने खरवडून काढली.

घरी आबा ओसरीवर जाळं विणत बसले होते. तिने चहा पुढे केला, तशी तिची पिवळी बोटं त्यांना दिसली आणि त्यांचा चेहरा फुलला.

“तुलाबी घावली व्हय गं?”

“हो आबा,” ती म्हणाली. “मोठी होती.”