नमुना क्रमांक सात

यंत्र जी आठवण उतरवून घेई, ती डोक्यात उरत नसे. डॉ. कुमुदिनी सरपोतदारांना हे ठाऊक होतं. तरीही, रक्तविकाराचं जनुक आपण कसं शोधलं ते शास्त्रज्ञांच्या संग्रहालयात कायमचं राहावं, म्हणून त्यांनी हौसेने डोकं पुढे केलं.

घरी परतल्यावर त्या हार घातलेल्या फोटोपुढे थबकल्या. "अहो, हा मुलगा कोण?"

"कुमुद, आपला हेरंब!" त्यांचे पती वसंतराव म्हणाले. "त्याच्याच रक्तात तुला ते जनुक सापडलं."

त्यांना काही आठवेना. मुलाची एकेक आठवण त्या शोधाला चिकटलेली होती. त्याबरोबर तीही सगळी निघून गेली होती. वसंतरावांनी तडक संग्रहालयाला फोन लावून स्पीकर चालू केला. "तिची आठवण तिलाच ऐकवा!"

फोनमधून कुमुदिनीबाईंचाच रडवेला आवाज आला, "त्या दिवशी माझा..." मध्येच यंत्र म्हणालं, "नमुना क्रमांक सात." पुन्हा त्यांचा आवाज, "...माझ्या मांडीवर गेला."

"अहो, नाव कुठंय त्याचं?" वसंतराव ओरडले.

"रुग्णाचं नाव आम्ही पुसतो, सर," पलीकडची मुलगी म्हणाली. "मॅडमनीच घालून दिलेला नियम आहे."

"बरोबरच आहे," कुमुदिनीबाई समाधानाने म्हणाल्या.