वेगळा वाफा

सोसायटीच्या गच्चीवरच्या शेतात आज माती कालवायची होती, आणि वृंदा निमिषच्या वाफ्यापाशी बसून होती.

शहरातली स्मशानं बंद झाल्यापासून गेलेल्या माणसाची पेटीत माती व्हायची आणि ती या शेतात यायची. विकतचं खत इथे कधीच येत नसे. घरच्यांनी त्या मातीत एकदा मेथी लावायची आणि ती खुडली की माती सगळ्यांच्या वाफ्यांत मिसळायची, अशी रीत होती.

वृंदाने मेथी तिसऱ्यांदा पेरली होती.

"आता काढू या गं," सुमनकाकू फावडं टेकवत म्हणाल्या.

"अजून लहान आहे, काकू."

"मेथी?"

काकू तिच्याशेजारी बसल्या.

"आमचे हे जन्मभर वांग्याला नाक मुरडायचे. आता बसलेत तिथेच, वांग्यांत." त्या हसल्या, मग हळूच म्हणाल्या, "चार वर्षांचं तुझं पोर ते. त्याला असं एकट्याला किती दिवस ठेवशील?"

वृंदाने फावडं लावू दिलं नाही. ओंजळीओंजळीने तिने माती नेली. थोडी टोमॅटोत, थोडी पालकात, बरीचशी काकूंच्या वांग्यांत.

संध्याकाळी ती रोजच्यासारखी झारी भरून आली आणि मध्येच थांबली. पाणी कुठे घालायचं तेच कळेना. शेवटी तिने दाराजवळच्या पहिल्या वाफ्यापासून सुरुवात केली, आणि एकही वाफा कोरडा ठेवला नाही.