कमी दिसणाऱ्यांची थीम

“बटणाभोवतीची चौकट आता पिवळी केलीय. दिसतेय का?” नवऱ्यानं विचारलं.

“दिसतेय की,” ती म्हणाली. “पण जरा भडक वाटते. किंचित उतरव.”

तो नुसतं हुं म्हणाला. रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की तो असाच शेजारच्या खुर्चीत बसून तिची तपासणी बघत असे.

तिला पिवळी चौकट दिसली नव्हती. काहीच दिसलं नव्हतं. डोळे अधू होत चाललेत हे त्याला ठाऊक होतं, पण ते पार गेले, याची तिनं त्याला ताकास तूर लागू दिली नव्हती.

लग्नाआधीपासून दोघं एकाच कंपनीत होती. कंपनी गेम इंजिन बनवायची, म्हणजे जे वापरून इतर लोक आपापले खेळ रचतात ते सॉफ्टवेअर. त्यातली बटणं, स्लायडर, याद्या हे सगळं त्याच्याकडे आणि रंग तिच्याकडे. डोळ्यांपायी ती घरी बसली, तेव्हा त्यानं कमी दिसणाऱ्यांसाठी एक नवी थीम करायला घेतली. काळ्यावर पिवळं, जाड रेघा, मोठी अक्षरं. पहिली तपासणारी अर्थातच बायको.

“तुला दिसायचं थांबलं ना, तर मी नोकरी सोडून घरी बसणार,” असं तो एकदा जेवताना सहज बोलून गेला होता. हा माणूस बोलतो ते करतो. आणि ते काम सुटलं तर तो खचेल, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिनं त्याच दिवशी ठरवलं.

खोटं बोलायचं तर नीट बोलायचं. माउस तिनं सोडून दिला. “माउस न वापरणारीही माणसं असतात, मी की-बोर्डवरच तपासते,” हे तिनं त्याला पटवलं. टॅबची कळ दाबत कशानंतर काय येतं ते पाठ केलं. काय बदललं ते आधी त्याच्याच तोंडून काढून घ्यायचं आणि मग त्यात एखादी खोड काढायची. सगळंच छान म्हटलं असतं तर त्याला संशय आला असता. सारा जन्म रंगांत गेलेल्या बाईला खोड काढायला डोळे कशाला लागतात!

एकदा त्यानं बटणांच्या जागा बदलायचं काढलं, तेव्हा तिनं घाईनं अडवलं. “जागा नको रे हलवूस, लोकांच्या हाताला सवय असते.” त्यानं ऐकलं. पुढे त्यानं प्रत्येक बटणाला, स्लायडरला निरनिराळा आवाज दिला. ऑफिसात कुणीतरी मागितला म्हणे. त्या कुणातरीला तिनं मनोमन दुवा दिला.

कधीकधी मात्र तिला रडू येई. इतका जीव ओतून तो रंग निवडतो आणि आपण त्याला फसवतो, याची लाज वाटे.

त्या शनिवारी बऱ्याच महिन्यांनी नणंद आली. नवरा भाजी आणायला खाली गेला होता. वहिनीला हल्ली जाड चष्मा लागतो, एवढंच नणंदेला माहीत होतं. चष्मा तिनं लावलेलाच होता.

“दादाची ती नवी थीम झाली का गं, वहिनी?”

“झालीच म्हण. ये, दाखवते.”

कॉम्प्युटर सुरू झाल्याचा सूर वाजला. ती ऐटीत खुर्चीत बसली आणि टॅब दाबत गेली. हवा तो आवाज आला तशी थांबली.

“हा स्लायडर बघ, कसा उठून दिसतो. आधी नुसता करडा होता. मीच बदलायला लावला.”

नणंदेनं मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“का गं, आवडला नाही?”

“वहिनी, स्क्रीन काळी आहे,” नणंद हळूच म्हणाली. “मागच्या खेपेला तू दवाखान्यात गेली होतीस तेव्हा माझ्या हातून पडून बंद झाली, ती अजून तशीच आहे. मी दुसरी आणून देते म्हटलं, तर दादाच म्हणाला, राहू दे, आता घरात ती कुणाला लागत नाही.”