राखूची फडकी

‘फडकं पिळून आणू नका. रिकाम्या ट्रेमधली लघवी आणा. फडक्याला कशाचंही काहीही लागतं,’ असं नंदुरबारच्या जनावरांच्या डॉक्टर नमन यांनी फोनवर दोनदा बजावलं होतं. स्वप्नालीने हो हो म्हटलं आणि मोरीतल्या बादलीतलं, अजून पाणी न घातलेलं फडकंच पिळून बाटली भरली.

काय करणार? रिकाम्या ट्रेवर राखू तासभर मिशा हलवत बसला, एक थेंब गाळला नाही. शहाद्याहून नंदुरबारची बस सुटायला वीस मिनिटं उरलेली. शिवाय स्वप्नाली मायक्रोबायोलॉजीची बीएस्सी. बाटली तिने उकळून घेतली होती.

राखू म्हणजे चिंचिला. उंदराच्या जातीचा, पण सशासारखा गुबगुबीत आणि राखेच्या रंगाचा. स्वप्नालीच्या नवऱ्याचा, भाग्येशचा, सुरतचा मित्र परदेशी गेला आणि जाताना पिंजरा यांच्या दारात ठेवून गेला. लेकीने, पाच वर्षांच्या काजलने, त्याला ओंजळीत घेतलं, तेव्हापासून तो घरचाच. त्याला ऊन सोसत नाही, म्हणून पिंजरा सासूबाईंच्या, छबूबाईंच्या खोलीत ठेवला. घरात एसी तेवढ्या एकाच खोलीत होता.

‘एसी मन्हासाठे शे का उंदीरसाठे, तेवढं सांग,’ छबूबाई आल्यागेल्यासमोर टोमणा मारायच्या. पण पिंजऱ्याचं सगळं त्याच बघायच्या. जुन्या लुगड्यांचे चौकोनी तुकडे फाडून त्यांनी गठ्ठा करून ठेवला होता. त्यातलं फडकं रोज ट्रेमध्ये घालायचं आणि दुसऱ्या दिवशी काढून मोरीतल्या त्यांच्या बादलीत भिजवायचं. त्या बादलीला त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

एके सकाळी त्याच बादलीतल्या फडक्यावर स्वप्नालीला लाल डाग दिसला. काजलला साधी शिंक आली तरी थर्मामीटर काढणारी ती. राखूला काही झालं तर पोरीला काय सांगायचं? तिने हाका मारल्या. छबूबाई आल्या आणि बादलीकडे बघत उभ्या राहिल्या.

डॉक्टर नमन यांनी फोनवरच प्रश्न विचारले. स्वप्नाली अडखळली, तेव्हा पलंगावरून छबूबाईंनी सांगितलं. घडीघडी जावं लागतं, थेंब थेंबच होतं.

‘त्याले आग व्हस. पोटना खाले दुखस,’ त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर स्वप्नालीने विचारलं, ‘आई, तुमले कसं समजस?’

‘मन्हा जलम ढोरंसमा गया. मुकं जनावर काय सांगी?’

बाटलीतल्या लघवीत रक्तही निघालं आणि पूही. तो अहवाल बघून डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि बजावलं. शेळ्यामेंढ्यांचं औषध अंदाजाने द्यायचं नाही, पेनिसिलिनच्या जातीचं तर मुळीच नाही, त्याने चिंचिलाची आतडी बिघडतात आणि तो जीवानिशी जातो. पाणी भरपूर पाजायचं, सुकं गवत हवं तेवढं द्यायचं, औषध मोजून थेंबानेच.

मग स्वप्नाली कामाला लागली. सकाळ-संध्याकाळ राखूला टॉवेलात गुंडाळायची, सुई नसलेली सिरिंज दातांच्या बाजूने सरकवायची, एकेक थेंब तो गिळेपर्यंत थांबायची. काजल शेजारी बसून थेंब मोजायची. कॅलेंडरवर रोजची नोंद होती. वजन, पाणी, डाग.

एकदा छबूबाई म्हणाल्या, ‘मालेबी दे दोन थेंब.’ स्वप्नाली खळखळून हसली. काजलने तर आजीला टॉवेलात गुंडाळायला घेतलं. छबूबाईही हसल्या, आणि पुढे केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी तसाच परत दिला. म्हातारपणी कितीदा उठायचं, म्हणाल्या.

त्याच आठवड्यात म्हसावदला भाचीचं लग्न होतं. छबूबाई गेल्या नाहीत. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. राखूजवळ कुणीतरी हवंच होतं, स्वप्नालीला ते बरंच वाटलं.

दुसऱ्या आठवड्यापासून छबूबाई घर उठायच्या आत फडकी धुऊन दोरीवर टाकायला लागल्या. स्वप्नाली ती वाळलेली फडकी उजेडात धरून बघायची आणि कॅलेंडरवर लिहायची, ‘डाग नाही.’

पंधराव्या दिवशी, सोमवारी, ती राखूला घेऊन नंदुरबारला गेली. डॉक्टरांनी या वेळी तिचं काही चालू दिलं नाही. दोन दिवस त्याला ठेवून घेतो, रिकाम्या ट्रेमधली लघवी मीच घेतो, म्हणाले. ती एकटीच परत आली.

बुधवारी सकाळी फोन आला. लघवी एकदम स्वच्छ, खडा नाही, सूज नाही. वजन तर वाढलेलं. ‘ताई, इतकी चोख शुश्रूषा मी इथे पाहिली नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘उद्या घेऊन जा.’

स्वप्नालीचा ऊर भरून आला. कॅलेंडरवर तिने लाल पेनाने मोठ्ठं ‘बरा झाला’ लिहिलं. साखर कारखान्यात भाग्येशला फोन लावला, तर तो सगळ्या ऑफिसला सांगत सुटला. काजल गल्लीभर ओरडून आली, मन्ही मायनी राखूले वाचाडं. शेजारणी दारात जमल्या. घरात एक मुका जीव दुखत होता आणि आपल्या नजरेतून ते सुटलं नाही, ही गोष्ट स्वप्नालीने तिघींना तीनदा सांगितली.

छबूबाई भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडल्या होत्या. उशाशी भरलेला तांब्या तसाच झाकलेला. उद्यासाठी पिंजऱ्यात ताजं फडकं घालावं म्हणून स्वप्नाली मोरीत गेली.

राखू सोमवारपासून नंदुरबारला होता. पिंजरा दोन दिवस रिकामा होता. आणि बादलीत आत्ताच भिजवलेलं फडकं होतं, त्यावर ताजा लाल डाग.

तुमच्या घरात पाणी कमी पिणारं कोण आहे? हे वाचणं राहू द्या. आधी उठून त्यांना बघून या.