ताटलीतलं पाणी

गाडीची डावीकडची दोन्ही चाकं फळ्यांवर चढली तसा जीवननं हँडब्रेक ओढला आणि आत जाऊन ओट्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधे बसला.

"झालं बघ, आई. सपाट."

त्याची आई सत्यशीलाबाई पलंगावर बसून चिंच फोडत होती. गाडी हलताना मांडीवर धरलेली स्टीलची ताटली तिनं ओट्यावर ठेवली, तीत तांब्यातलं पाणी ओतलं आणि वाकून पाहिलं.

"कुठं सपाट? पाणी दाराकडं पळतंय."

जीवननं पाहिलं. खरंच, डावीकडं, दाराच्या बाजूनं पाणी पार काठाला लागलं होतं.

गाडी म्हणजे जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं घर केलेलं. दोन पलंग, ओटा, छोटा फ्रीज. फिरायला निघालेल्या कुटुंबांना जीवन ती भाड्यानं द्यायचा आणि स्वतःच चालवायचा. धंदा बरा होता. लग्न तेवढं जुळत नव्हतं. शिरूर कासारकडच्या चार स्थळांनी एकच निरोप धाडला होता : महिन्याचे वीस दिवस चाकांवर काढणाऱ्याला मुलगी कशी द्यायची? उद्या अकरा वाजता नांदूरघाटचं पाचवं स्थळ. तेही फिसकटलं तर गाडी विकून टाकायची, असं त्यानं ठरवलं होतं. आईलाही तसं सांगितलं होतं.

मुलीचं नाव रोहिणी, शिक्षण बी.एस्सी., एवढंच त्याला ठाऊक. फोटो आईच्या पिशवीत होता. "उद्या समोरासमोरच बघ," म्हणाली. आदल्या दिवशीच मुक्कामाला यायचं तिनंच ठरवलं आणि गावाबाहेरच्या मळ्यातली ही जागाही तिनंच फोन करून घेतली. लिंबाखाली चार गाड्या मावतील एवढं मैदान, नळ, विजेची सोय.

विजेची वायर जोडायला आलेली मुलगी दाराशी उभी होती. डोक्यावर टोपी, तोंडाला घट्ट स्कार्फ, पायांत गमबूट.

"पाहुणे, घर हाय का पाळणा?"

"ताई, जमीनच भुसभुशीत हाय तुमची."

"जमिनीला कावून नावं ठेवता? आमच्या म्हशीनं कधी तक्रार केली न्हाई."

जीवन हसला. त्यानं गाडी फळ्यांवरून खाली घेतली. मुलीनं दाखवलेल्या ढिगातून चार घमेली मुरूम आणला, पसरला, पाणी मारून ठोकला. फळ्या पुन्हा मांडल्या, गाडी पुन्हा चढवली. बुडबुडा मधे. आईनं मांडीवरची ताटली ओट्यावर ठेवली.

"दाराकडंच पळतंय रे."

त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मुलगी पायरीवर चढून आत डोकावली.

"पाणसळ खोटी असंल. टोकाला टोक फिरवून ठेवा. खरी असंल तर बुडबुडा मधेच राहील."

त्यानं पाणसळ फिरवून ठेवली. बुडबुडा मधेच राहिला.

"मग पाणसळ खरी," ती हळू आवाजात म्हणाली. "सांगा आता आईला, तुझंच चुकतंय म्हणून."

जीवननं आईकडं पाहिलं. तिनं चौदा हंगाम ऊस तोडला होता. कारखान्याजवळच्या उताराच्या रानात पाचटाची कोपी असायची, वाकून शिरायची झोपडी. झोपेत पोरं घसरत पायथ्याला गोळा व्हायची आणि ती एकेकाला पुन्हा वर ओढून घ्यायची. त्या पोरांत तोही होता.

त्यानं पाणसळ खणात ठेवून दिली.

"ताई, अजून दोन फळ्या मिळतील?"

"पाणसळ तर बरोबर म्हणती."

"पाणसळीला कुठं झोपायचंय इथं? झोपायचंय आईला."

मुलगी तशीच वळली. फळ्या घेऊन आली, स्वतःच मांडल्या आणि गाडीपुढं उभी राहून हातानं खुणावत राहिली. "येऊ द्या... येऊ द्या... बास!"

आई वाकली. ताटलीतलं पाणी चारी बाजूंनी सारखं होतं. "आता कसं!" ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

पोळपाटावरचं लाटणं घरंगळत उजव्या भिंतीला जाऊन टेकलं. जीवननं ते गुपचूप उचलून डब्यामागं अडकवलं.

आईनं पहिला कप त्या मुलीला दिला. स्कार्फ सोडून ती पलंगाच्या कडेला बसली. चहा पिता पिता तिची नजर फ्रीजवरून, खणांवरून, खिडकीवरून फिरली.

"एकदा पाणी भरलं की किती दिवस?"

"आठ दिवस आरामात."

"पुस्तकांना जागा न्हाई कुठं."

"करता येईल की. खिडकीवर एक फळी मारली की झालं."

तिनं मान हलवली, कप विसळून ठेवला आणि आईच्या पाया पडली. खाली उतरून तिनं टोपी नीट केली.

"उद्या अकराला या. पोहे मीच करणार हाय. फक्त आमच्या आबांसमोर मला ताई म्हणू नका."

ती मळ्याच्या वाटेनं लांब जाईपर्यंत जीवन दारातच उभा होता. त्याचे कान तापले होते. हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्यानं ओट्यावरची ताटली उचलली आणि पाणी दाराबाहेर ओतलं.

ताटलीच्या जागी, उजव्या काठाखाली, एक चिंचोका होता.

"आई?"

आई कपबश्या पुसत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"त्या वरच्या दोन फळ्या काढ आता. लई उजवीकडं कलतंय."