सेनापतीची तिसरी पिढी

मुलांच्या बाजूने तो आरसा होता. मोठ्यांच्या बाजूने नुसती काच. काचेमागच्या अंधाऱ्या खोलीत तिघे जण बसले होते: खेळण्यांच्या कारखान्याच्या संचालिका, ‘सेनापती’ या जुन्या खेळण्याला नवा चेहरा देणारा चित्रकार आणि सेनापती विभागाचे प्रमुख. प्रमुखांना कारखान्यात सगळे ‘सेनापतीचे बाप’ म्हणत, आणि त्यांना ते आवडत असे.

पलीकडे बुटक्या टेबलाभोवती चार मुले होती. त्यांतली एक प्रमुखांचीच मुलगी. कर्मचाऱ्यांच्या मुलांना चाचणीला बसवू नये असा नियम होता. परंतु ऐनवेळी एक मूल आजारी पडले आणि खुर्ची रिकामी राहिली. ज्या घरात सेनापती तिसऱ्या पिढीच्या हाती खेळतो आहे, त्या घरातल्या मुलीहून चांगला परीक्षक कुठे मिळणार, असा प्रमुखांनी युक्तिवाद केला. युक्तिवादात त्यांना कोणी हरवत नसे.

चाचणी घेणाऱ्या ताईने सेनापतीचा नवा खोका टेबलावर ठेवला आणि ती बाहेर गेली. आज मुलांनी त्याला नाकारले तर त्याचे साचे वितळवायला जातील, हे संचालिकांनी सकाळीच सांगून ठेवले होते.

चष्मेवाल्या मुलाने सेनापतीला बाहेर काढले, त्याचा तलवारीचा हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला.

“हा बाहुला एवढंच करतो?”

“बाहुला नव्हे, योद्धा,” काचेमागे प्रमुख सवयीने पुटपुटले.

“मिशी उडवली म्हणून रुसली असतील पोरं,” चित्रकार म्हणाला. “मी तेव्हाच म्हणत होतो.”

मुलाने योद्ध्याला पालथे टाकले. मग चौघांनी मिळून रिकामा खोका ओढला, त्याची झाकणे उलगडली आणि त्याचे दुकान केले. दुकानात गिऱ्हाइके आली, घासाघीस झाली, भांडण झाले, समेटही झाला. प्रमुखांची मुलगी दुकानदारीण होती. ती इतकी मोठ्याने हसत होती, की टेबलावरच्या दिव्यात लपवलेल्या माइकमधून तिचा आवाज फाटून येत होता. हे हसणे प्रमुखांच्या ओळखीचे नव्हते.

एकाएकी ती थांबली. तिने दाराकडे पाहिले, पालथ्या सेनापतीला उचलून दुकानाच्या कडेला नीट उभे केले आणि आवाज खाली आणला.

“ऐका ना. ताई येऊन विचारेल. सगळ्यांनी आवडला म्हणायचं हं.”

“का म्हणून?” चष्मेवाला म्हणाला. “किती बोअर आहे हा.”

“माझा बाबा बनवतो.”

“मग?”

“मग काय! आजोबांना आवडायचा, बाबाला आवडायचा, आता माझी पाळी आहे.”

“म्हणजे खोटं बोलायचं?”

“थोडंसंच. मी तर रोज म्हणते. काही होत नाही रे. बाबा एकदम खूश होतो आणि मग आपल्याला सोडून देतो.”

काचेमागे चित्रकार आपल्या बुटांकडे पाहू लागला. गेल्याच सभेत प्रमुखांनी सांगितले होते, की आमची कन्या सेनापतीला उशाशी घेतल्याशिवाय झोपत नाही. त्या वेळी सर्वांत आधी टाळी वाजवली होती ती संचालिकांनी.

आता त्या मान न वळवता म्हणाल्या, “आपण काही ऐकलं नाही असंही म्हणता येईल. किंवा उद्या दुसरी मुलं बोलावता येतील. ही फेरी धरायची की नाही, ते तुम्ही सांगा.”

प्रमुखांचे कान तापले होते. पलीकडे ताई आत आली आणि तिने विचारले, कसा वाटला आपला सेनापती?

“आवडला!” चौघे एका सुरात ओरडले. चष्मेवाल्याचा आवाज सर्वांत मोठा होता.

“धरा,” प्रमुख म्हणाले.

संचालिकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर बरे झाले असते.

खेळून झाल्यावर प्रत्येक मुलाला फडताळावरची एक वस्तू घरी न्यायला मिळे. प्रमुख दाराशी पोहोचले तेव्हा मुलीने रंगीत मातीचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि झाकणाला नाक लावून ती वास घेत होती. बाबा दिसताच तिने डबा हळूच जागेवर ठेवला आणि शेजारचा सेनापती उचलला.

प्रमुख तिच्यापुढे उकिडवे बसले.

“अगं, माती घे ना. तीच हवी होती ना तुला?”

“नाही.”

“घे गं बाळा. मला मुळीच वाईट वाटणार नाही.”

तिने त्यांचा चेहरा निरखून पाहिला. तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावून पाहावे, तसे ते पाहणे होते. मागे बोळात संचालिका आणि चित्रकार येऊन थांबले होते. दोघेही भिंतीवरच्या जुन्या जाहिराती मन लावून वाचत होते.

“नाही रे बाबा,” ती म्हणाली, “मला खरंच हाच आवडतो.”

सूर रोजचाच होता. त्यात तसूभरही फरक नव्हता.