अण्णांची उजळणी

“ते पाच शब्द सांगा, अण्णा.”

कारभारी अण्णांच्या गालांवर साबणाचा फेस होता. त्यांचा मुलगा दिनेश हातात रेझर धरून थांबला.

“आंबा,” अण्णा म्हणाले. “खुर्ची. देऊळ. पिवळा...”

“आणि रुळांवरून काय जातं?”

“हां! रेल्वे.”

“शाब्बास. आज वार कोणता?”

“बुधवार. काल मंगळवार व्हता, तू बाजारातून भेंडी आणली.”

दिनेश हसला आणि त्याने रेझर हलक्या हाताने गालावरून फिरवला.

अण्णा मूळचे चांदवडचे. नाशिकला येऊन त्यांनी तीस वर्षं भाजीचा टेम्पो चालवला. त्या काळात बाजारातल्या कोणत्या गाळ्यावर भाजीच्या किती जाळ्या उतरवायच्या हे त्यांनी कधी कागदावर लिहिलं नाही. वर्षभरापासून मात्र ते जेवायला बसले की विचारायचे, “तुझी आई कुठं गेली?” आईला जाऊन चार वर्षं झाली होती. दोनदा ते पंचवटीत स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहून लोकांना घर विचारत होते.

उन्हाळ्यात संध्या, अण्णांची मुलगी, ओझरहून आली आणि त्यांना एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी छापील कागद काढून प्रश्न विचारले, घड्याळ काढायला लावलं, डोक्याचा फोटो काढला. मग म्हणाले, “स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. बरा होणार नाही. पण गोळ्या नियमित दिल्या तर आजार सावकाश वाढेल.”

घरी आल्यावर अण्णांनी तिसऱ्या दिवशी संध्याला विचारलं, “मला येडा ठरवलं का गं?”

तेव्हा दिनेश त्यांच्यावर सारखा खेकसायचा. एकच गोष्ट किती वेळा विचारता, म्हणायचा. पण गेल्या महिन्यात त्याचा स्वभावच पालटला. तो अण्णांची दाढी करू लागला, ताटाशी बसून घास मोडून देऊ लागला. सगळे डॉक्टर तोच छापील कागद वापरतात हे त्याने शोधून काढलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ अण्णांकडून प्रश्नांची उजळणी करून घेऊ लागला. शंभरातून सात वजा. अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ. अण्णा चुकले तरी तो चिडत नसे. गोळ्यांनी सुस्ती येते, पाठ होत नाही, म्हणून त्याने त्या बंद केल्या.

संध्या फोनवर चिडली. “दादा, हा काय पोरखेळ लावलायस? तो आजार आहे. पाठांतराने जाणार आहे का? गोळ्या सुरू कर.”

“मला माझा बाप येडा म्हणून नकोय,” दिनेश म्हणाला. “मी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतो.”

त्या बुधवारी दोघं मुंबई नाक्याजवळच्या दुसऱ्या दवाखान्यात गेले. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. बाकावर बसून ते ओठ हलवत होते.

डॉक्टर तरुण होत्या. “आधी कोणाला दाखवलं होतं? काही गोळ्या चालू आहेत?”

“नाही मॅडम,” दिनेश म्हणाला. “पहिल्यांदाच आलोय. मला फक्त खात्री करून घ्यायचीय.”

त्यांनी दिनेशला बाहेर बसायला सांगितलं. तो दाराशीच उभा राहिला. आतून अण्णांचा आवाज येत होता. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. मग आंबा, खुर्ची, देऊळ, पिवळा. दिनेशने डोळे मिटले.

“रेल्वे,” आतून आवाज आला.

डॉक्टर हसतच बाहेर आल्या. “तीसपैकी सत्तावीस. या वयात उत्तमच म्हणायचं. वयोमानाने पडतो तेवढाच विसर. औषधाची गरज नाही.”

“तसं लिहून मिळेल का? सही-शिक्क्यासकट? बहिणीचा विश्वास बसत नाही.”

त्यांनी लिहून दिलं. स्मृती आणि आकलन वयानुसार सामान्य.

रिक्षात अण्णांनी तो कागद दोनदा मागून हातात घेतला. त्यांना वाचायला चष्मा लागायचा, तरी ते त्याच्याकडे बघत राहिले. “संध्याला फोन लाव,” ते म्हणाले. फोन लागला तसे मोठ्याने बोलले, “पोरी, मी पास झालो! सत्तावीस मार्क! बाईच म्हनली, उत्तम.”

पलीकडून संध्या म्हणाली, “दादाला द्या.” दिनेशने फोन कानाला लावला तेव्हा ती म्हणाली, “मी तुला नाही नाही ते बोलले रे. जे मला जमलं नाही, ते तू केलंस.”

“असू दे,” दिनेश म्हणाला.

घरी आल्यावर त्याने चहा केला. बशीत बिस्किटं ठेवली. अण्णा खुशीत होते, चहात बिस्किट बुडवून खात होते. दिनेशने वकिलाला फोन करून कागद मिळाल्याचं सांगितलं. कागद फाइलमध्ये लावला आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसला.

“अण्णा, आता एकच प्रश्न राहिला. उद्या पोलिस ठाण्यात साहेब विचारतील. गेल्या महिन्यात पेठ रोडवर ती बाई आपल्या टेम्पोखाली आली, तेव्हा टेम्पो कोण चालवत होतं?”

अण्णांना आठवावं लागलं नाही.

“तू,” ते म्हणाले. “मी शेजारी व्हतो. मी म्हनलो बी, थांब, ती हात हालवतीय. तू थांबला नाय.”

दिनेशने त्यांच्या हनुवटीवरचा बिस्किटाचा चुरा रुमालाने पुसला.

“चुकलं, अण्णा,” तो मायेने म्हणाला. “तुम्ही चालवत होता. परत सांगा.”